नायट्रोजन येईपर्यंत

"थांबा. नळी बोलतीया."

असं म्हणून मिस्त्री हात वर करायचे. समोर कुणीही असो, त्याला वाक्याच्या मधोमध थांबावं लागायचं. मग ते मान तिरकी करून उजवा कान तांब्याच्या नळीच्या जोडापाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि घरातलं मोठं माणूस आजाऱ्याच्या छातीला कान लावतं तसे ऐकत राहायचे. आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही. मिस्त्री डोळे उघडून म्हणायचे, "हितं हाय." तिथे साबणाचा फेस लावला की बारीक बुडबुडा फुगायचा.

कारखान्यात काम केलेल्यांनी असा एखादा माणूस पाहिलेला असतो. त्याचं शिक्षण विचारायचं कुणाला सुचत नाही आणि त्याच्याशिवाय काम पुढे सरकत नाही. मिस्त्री तसे होते. आमची कंपनी कारखान्यांना एअर कंडिशनिंग बसवून द्यायची. मी डिप्लोमा करून साताऱ्याहून आलेलो, साइट इंजिनिअर, वय तेवीस. मिस्त्री माझ्या हाताखाली होते असं हजेरीपत्रकात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात मी त्यांच्यामागे ड्रॉइंगची सुरळी घेऊन फिरायचो.

ते मूळचे महाळुंग्याचे, पण राहायला कासारवाडीला, रेल्वेलाइनजवळच्या बौद्ध वस्तीत. त्यांचे वडील दगडखाणीवर होते. मिस्त्रींनी मात्र लष्कराच्या एका वर्कशॉपात राहून तांब्याच्या नळ्या जोडायचं काम उचललं होतं. चांदीची काडी ज्योतीत धरून ते जोडाभोवती अशी फिरवायचे की वितळलेली कड एकसारखी चमकायची. आपल्या जोडांचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्याचा जोड दिसला की म्हणायचे, "ह्येला जोड म्हनत न्हाईत, ह्येला मुरूम म्हनत्यात."

फेस लावायला त्यांच्याकडे दाढीचा ब्रश असायचा. घरात दुसरा एक होता, दाढीसाठी. एका सोमवारी ते गालावर दोन दिवसांचे खुंट घेऊन आले. विचारलं तर म्हणाले, "दोन्ही ब्रश साइटवरच ऱ्हायले. नळीची दाढी झाली, माझी ऱ्हायली."

घाईचं त्यांना वावडं होतं. जोड तपासताना कुणी घड्याळाकडे पाहिलं तरी त्यांना कळायचं. "घाई असंल तर पंखा लावा," म्हणायचे. मला पहिल्या आठवड्यात त्यांनी एवढंच शिकवलं. "पानी गळतं ते बोंबलत गळतं, सायेब. गॅस मुकाट जातो. म्हनून आपन मुकाट व्हायचं."

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकायची. कधीकधी हाक मारली तरी मिस्त्री वळून बघत नसत. मी स्वतः दोनदा हाक मारून गप्प बसलो आहे. माणूस कारागीर चांगला पण शिष्ट, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी चिंचवडच्या एका कारखान्यात आम्हाला काम मिळालं. इंजिनाचे सुटे भाग तिथे बनायचे. केसाच्या जाडीहूनही बारीक फरक मोजायची एक खोली त्यांना हवी होती. उन्हाळा असो की थंडी, आत बारा महिने एकच तापमान. वर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्रेसर, खाली मापाची खोली, आणि दोन्हींना जोडणाऱ्या साठेक फुटांच्या तांब्याच्या नळ्या. पत्र्याच्या खोलीच्या बरोबर खाली तपासणी विभाग होता. तिथे वीसेक बायका लांब टेबलांशी बसून दिवसभर पिस्टनच्या पिना तपासायच्या.

सोमवारी सकाळी अकराला परदेशी पाहुणे खोली पाहायला येणार होते. शनिवारी दुपारी दोनला आमचा शेवटचा जोड झाला. आता नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरायचा, जोड तपासायचे, एक दिवस काटा हलत नाही ना पाहायचं, मग आतली हवा ओढून घेऊन थंडावा देणारा गॅस भरायचा. हिशेब अगदी काठावरचा होता.

मी नायट्रोजनचा सिलिंडर उघडला. काटा हलला नाही. सिलिंडर रिकामा होता.

दोष माझा होता. आदल्या दिवशी पाहायचं ते मी पाहिलं नव्हतं. पुण्याच्या पुरवठादाराला फोन लावला, तर शनिवारची अर्धी सुट्टी, गोदामाला कुलूप. प्लांट मॅनेजर वर आले. उंच, पांढरा शर्ट, बोलताना पेन उघडझाप करायची सवय.

"नायट्रोजन कशाला हवाय तुम्हाला?"

"दाब द्यायला, सर."

"दाबच ना?" त्यांनी पेनाने कोपऱ्यातला काळा सिलिंडर दाखवला. "हा काय आहे? भरलेला आहे ना?"

तो ऑक्सिजन होता. जोडकामाच्या ज्योतीसाठी आणलेला, नुकताच बदललेला.

इथे मला खरं सांगितलं पाहिजे. मला माहीत नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे, आणि पुढे बरीच वर्षं मी तसंच म्हणत आलो. पण मला माहीत होतं. पुस्तकात एक ओळ होती, परीक्षेसाठी मी ती पाठही केली होती: तेल असलेल्या यंत्रात ऑक्सिजन दाबाने सोडू नये, स्फोट होतो. कॉम्प्रेसरच्या पोटात तेल होतं. पण पुस्तकातली ओळ आणि समोर उभे असलेले मॅनेजर यांत मॅनेजर जवळचे वाटतात. मी स्वतःला समजावलं, तेल तळाला असतं. हळूहळू सोडू. थोडाच वेळ तर आहे.

मिस्त्री खाली मापाच्या खोलीत फेसाची वाटी घेऊन वाट पाहत होते. मी ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, म्हणजे दाब कमीजास्त करायच्या झडपेला, नळी जोडली, तिचं दुसरं टोक यंत्राला. सिलिंडरची चावी फिरवली. रेग्युलेटरच्या पहिल्या गेजचा काटा ताडकन वर गेला. आता फक्त पुढचा स्क्रू आवळला की ऑक्सिजन यंत्रात शिरणार होता. मी त्यावर बोटं ठेवली.

वर काय खोळंबा झालाय ते बघायला मिस्त्री शिडी चढून आले. त्यांचं डोकं शिडीच्या तोंडातून वर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी काळा सिलिंडर पाहिला, नळी पाहिली, नळीबरोबर त्यांची नजर सरकत यंत्रापाशी गेली.

"सायेब, हात काडा."

आवाज मोठा नव्हता. मी म्हणालो, "फक्त दाब द्यायचाय, मिस्त्री."

"हात काडा म्हनतो ना!"

दोन ढांगांत ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.   दुसऱ्या हाताने त्यांनी सिलिंडर बंद केला, चावी काढून घेतली आणि खिशात टाकली.

मॅनेजर मागे उभे होते. त्यांच्यासमोर माझ्या हातावर माझ्याच मिस्त्रीने हात ठेवला होता. मला त्याची लाज वाटली आणि मी ओरडलो. "तुम्हाला समजतं का काही? साइट कुणाची आहे? चावी द्या इकडे!"

"न्हाई देनार."

"मिस्त्री!"

"ह्या कानात बोला," ते म्हणाले आणि उजवा कान माझ्याकडे केला. "डाव्यात काय बी बोलला तरी पोचायचं न्हाई. का, ते सांगतो. वर्कशॉपात आमच्या हवालदारानं ह्येच केलं हुतं. नायट्रोजन न्हवता म्हनून ह्यो लावला. मी भिंतीपल्याड नळी वाकवत हुतो. कॉम्प्रेसर फुटला. लोक सांगत्यात, लई मोटा आवाज झाला. मला न्हाई आला. त्या दिसापासनं ह्या बाजूनं काय बी आलं न्हाई."

"आणि हवालदार?" मी विचारलं.

मिस्त्रींनी पायाखालच्या स्लॅबकडे बोट दाखवलं. खालून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी कुणाची तरी नक्कल करत असावं.

मॅनेजरांचं पेन थांबलं होतं. क्षणभर वाटलं, त्यांना पटलं. पण ते म्हणाले, "हे किस्से मला नकोत. सोमवारी अकराला खोली थंड पाहिजे. नाहीतर तुमच्या शेठना मी बघून घेईन."

"पाचपातुर नायट्रोजन आनतो," मिस्त्री म्हणाले. "चाकनच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजला आपला सिलिंडर पडलाय, अर्धा तरी आसंल. तवर चावी माज्यापाशी ऱ्हाईल."

ते शिडी उतरले. गच्चीच्या कठड्यावरून मला त्यांची सायकल फाटकाबाहेर जाताना दिसली. घंटी नसलेली, मडगार्ड खडखडणारी. चाकण तिथून वीसेक किलोमीटर.

पुढचे तीन तास मी विसरलेलो नाही.

मॅनेजरांनी आमच्या शेठना पुण्याला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. शेठ एरवी मृदू बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता. "चावी एकाच माणसाकडे असते काय रे? पाना लाव आणि उघड. तू इंजिनिअर आहेस की तो?"

मेंटेनन्सच्या माणसाने मला पाना आणून दिला. मी तो घेऊन पत्र्याच्या खोलीत एकटा बसलो. उन्हाने पत्रा तापला होता. पाना सिलिंडरच्या चौकोनी दांड्यावर ठेवला. छान बसत होता. एक वेढा फिरवायचा, मग स्क्रू आवळायचा, की पंधरा मिनिटांत मी खाली जाऊन सांगू शकलो असतो, झालं सर.

खालचं हसणं आता थांबलं होतं. पिना ट्रेमध्ये पडल्याचा किणकिणाट तेवढा येत होता. मी पाना काढला. परत लावला. तळहाताला घाम सुटून तो निसटायला लागला. मिस्त्री सांगतात ते खरं की नाही, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. प्रश्न एवढाच होता की खाली जाऊन 'मी हे करणार नाही' असं म्हणायची माझी छाती आहे का.

ती नव्हती. पाऊण तासाने मी खाली गेलो आणि मॅनेजरांना सांगितलं, "सर, पाना बसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.  दुसरा पाना शोधायला त्यांनी माणूस पाठवला. तो माणूस आला की आणखी काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करत उभा राहिलो. चार वाजले. साडेचार. दुसरा पाना आला. तोही 'बसला नाही'. मेंटेनन्सचा माणूस माझ्याबरोबर वर यायला निघाला तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुम्ही नका येऊ, जागा नाही तिथे." तो हसला. त्याला कळलं असावं.

पाच झाले. सव्वापाचला फाटकावर भोंगा वाजला. कांद्याच्या गोण्यांनी भरलेला एक ट्रक उभा होता, आणि गोण्यांच्या वर मिस्त्री, राखाडी सिलिंडर दोन्ही पायांत धरून. अंगभर कांद्याची सालं. भोसरीच्या फाट्याजवळ सायकल एका पानवाल्याकडे टाकून ते ट्रकने चाकणला गेले होते आणि बाजारातून पुण्याकडे निघालेल्या या ट्रकवाल्याला गळ घालून परत आले होते. ट्रकवाला म्हणत होता, "बॉम्ब न्हाई ना रं बाबा ह्यो?"

"बॉम्ब वर हाय," मिस्त्री म्हणाले. "ह्यो त्याचा उतारा."

वर येऊन त्यांनी आधी काळ्या सिलिंडरची नळी सोडवली. दांड्यावर पान्याचे ओरखडे पडले होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता नायट्रोजन जोडायला घेतला.

अडीचशे पौंडांवर काटा थांबला. मिस्त्री एकेका जोडाला फेस लावत निघाले. बत्तीस जोड होते. एकतिसाव्यापर्यंत सगळं कोरडं. भिंतीत शिरणाऱ्या शेवटच्या वळणापाशी त्यांनी हात वर केला.  बुडबुडा अगदी मोहरीएवढा होता.

"कुणाचा जोड आहे?" मॅनेजरांनी विचारलं. ते मागे येऊन उभे राहिलेले आम्हाला कळलं नव्हतं.

त्या साइटवर जोडकाम करणारे दोघे होते. मिस्त्री सहज गप्प राहू शकले असते.

"माजाच हाय," ते म्हणाले. "सकाळी केलेला. मान अवघडली हुती, काडी पुरी फिरली न्हाई." मग दाब सोडून त्यांनी तो जोड कापला, नवा केला आणि नायट्रोजन पुन्हा भरला. 

रविवारी दिवसभर काटा हलला नाही. संध्याकाळी हवा ओढून घेतली, गॅस भरला. मग मिस्त्रींनी गळती पाहायचा दिवा पेटवून त्याची नळी प्रत्येक जोडावरून फिरवली. गॅस निसटत असेल तर त्या दिव्याची ज्योत हिरवी होते. ती शेवटपर्यंत निळी राहिली. सोमवारी अकराला पाहुणे आले. खोलीत बरोबर वीस अंश होतं. एका पाहुण्याने मॅनेजरांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. मॅनेजरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मिस्त्री तिथे नव्हते. सकाळी फाटकावरच त्यांचा गेटपास काढून घेतला होता.

दुपारी शेठनी मला ऑफिसात बोलावलं. कारखान्याने लेखी खुलासा मागितला होता. शेठ सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'मिस्त्रीने वरिष्ठांचा हुकूम न मानता अडवणूक केल्यामुळे कामास तीन तास विलंब झाला. सदर इसमास कामावरून कमी करण्यात आले आहे.' रिकाम्या सिलिंडरचा उल्लेख नव्हता. खाली माझी सही. शेठनी बळजबरी केली नाही. फक्त पेन पुढे केलं.

मिस्त्री आपली हत्यारं न्यायला बुधवारी गोदामावर आले. मी टेबलाशी होतो. त्यांना त्या कागदाचं कळलेलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मिस्त्री, मी बघतो काहीतरी."

"बगा," ते म्हणाले. हत्यारांची पेटी सायकलला बांधली. जाताना वळले. "सायेब, पाना बसत हुता. व्हय ना?"

मी मान डोलावली.

"ब्येस केलंत," ते म्हणाले, आणि गेले. त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत.

मी काहीतरी बघितलं नाही हे वेगळं सांगायला नको.

दीडेक वर्षाने वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात चार ओळी वाचल्या. दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्याच कुणाच्या कामावर, वातानुकूलनाच्या यंत्राची चाचणी चालू असताना स्फोट झाला होता. दोन फिटर जागीच गेले. कारण दिलेलं नव्हतं. मला ते कारण वाचायची गरज नव्हती. अंक तसाच हातात धरून मी कासारवाडीला गेलो.

वस्तीत विचारत विचारत घर सापडलं. दार उघडं होतं. मिस्त्रींची बायको उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. मी माझं नाव आणि कंपनी सांगितली. ती लगबगीने उठली, पदर सारखा केला, आतून लोखंडी खुर्ची आणून पुसली आणि पुन्हा तांदळापाशी बसली.

"ते कुवेतला गेले की," ती म्हणाली. "सात म्हयने झाले. तिकडं एशीचं लई काम हाय म्हनं. दोन वर्सांनी येनार."

 तिला बोलायचं होतं.

"तुमचं नाव घरात लई घेत्यात ते. त्या चिंचवडच्या कंपनीत नको तो गॅस सोडायला लावला व्हता म्हनं मोट्या सायबानं. तुमी म्हनं पाना हातात घिऊन बसला, पन उगडलं न्हाई. नायतर आमचा मानूस कुटला ऱ्हायला व्हता. पोरांना बी सांगत्यात, सायेब असावा तर असा."

तिच्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता की मला तो घेऊन निघून जाता आलं असतं. पण हातात वर्तमानपत्र होतं.

"वहिनी, तसं नाही झालं," मी म्हणालो. "तो गॅस मीच सोडत होतो. त्यांनी माझा हात धरला, चावी काढून घेतली. मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो. आणि त्यांना कामावरून काढलं, त्या कागदावर सही माझी आहे."

ती ऐकत होती. निवडलेल्या तांदळावरून तिची बोटं फिरत होती, ती थांबली.

"काडलं?" ती म्हणाली. "ते तर म्हनाले, काम संपलं."

बाहेरून एक मालगाडी गेली.  

"च्या टाकते," ती म्हणाली.

ती आत गेली. माझ्याकडे पाठ करून स्टोव्हपाशी बसली, काडी ओढली आणि पंप मारायला लागली. स्टोव्ह पेटला, ज्योत निळी होऊन सुरात आली, पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं. तरीही ती पंप मारतच राहिली.